बाबांच्या स्क्रीनची डावी बाजू

४ मार्च, संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. एक तांत्रिक मोहीम सुरू होते आहे आणि अशा मोहिमांची नोंद राहिलेली बरी.

चहाच्या वेळी बाबा म्हणाले, लॅपटॉपचा उजेड कमी झालाय, डावीकडे तर अंधारल्यासारखंच वाटतं. बातम्या वाचताना ओळीतली पहिली अक्षरं सापडत नाहीत. ते सहज बोलून गेले, पण मी कप खाली ठेवला. माझ्या घरात, माझ्या नाकासमोर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, बिघडावा? अकरा वर्षं मी स्क्रीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरमधला, तेवढाच भाग लिहितोय. लोक बटण दाबतात आणि स्क्रीन उजळतो, या दोन गोष्टींच्या मधे मी असतो. ऑफिसात मला ‘दिवाबत्ती खातं’ म्हणतात. कौतुकानेच म्हणत असावेत.

बायको म्हणाली, आधी डोळे दाखवून येऊ, बाबांनी दोन वर्षांत डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. मी हसलो. ज्याचं त्याचं क्षेत्र असतं. तिने शाळा सांभाळावी, मी बॅकलाइट.

संकल्प: आठ दिवसांत ठणठणीत. लॅपटॉप.

६ मार्च, सकाळी ७.१५

बाबांच्या खोलीत पहिली तपासणी. लॅपटॉप माझाच जुना, मीच दिलेला. प्लग त्यांच्या डाव्या हाताला आहे म्हणून खुर्ची तिकडे टाकून बसलो. या खोलीत असा टेकून बसलो त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. एरवी दारातूनच ‘जेवलात का, औषध घेतलं का’ करून मी सटकतो. भिंतीवर थिएटरचं जुनं वेळापत्रक अजून लावलेलं आहे. बाबांनी चाळीस वर्षं सिनेमाचा प्रोजेक्टर चालवला.

स्क्रीन मी स्वतः पाहिला. डावी बाजू मला व्यवस्थित दिसली. पण माझं मत धरता येणार नाही. मी या धंद्यातला, माझ्या डोळ्यांना सवय आहे. तक्रार करणाऱ्याला जे दिसतं तेच खरं.

९ मार्च

सापडलं! एकाच दिव्याला दोन मालक. मशीनच्या आतला मूळ प्रोग्रॅम एक आणि आमचा ड्रायव्हर दुसरा. एकाने उजेड वर नेला की दुसरा खाली ओढतो. आमच्या ऑफिसात साहेब आणि मोठे साहेब यांचं हेच चालतं. इथे निदान एकाला काढून टाकता आलं.

बाबांना विचारलं, फरक पडला का? ते म्हणाले, हो, वाटतोय थोडा. लाल शाईने लिहून ठेवतो: काम फत्ते. पाच दिवसांत. तीन दिवस हातात शिल्लक.

दुपारी बाबांनी किटलीतला चहा कपाच्या बाहेर ओतला. टेबलाला उतार असावा.

१० मार्च

डावीकडे अंधार परत. लाल शाईचं वाक्य खोडलेलं नाही. तत्त्वतः ते बरोबर होतं.

१४ मार्च

बाबांनी आज थिएटरातली एक युक्ती सांगितली. पडद्यावर डाग दिसला की ते लेन्स हाताने गोल फिरवून बघायचे. डाग फिरला तर लेन्सचा. जागचा हलला नाही तर दुसरीकडचा. साधा न्याय.

लगेच प्रयोग केला. ड्रायव्हरमधून आख्खं चित्र उलटं केलं, डोकं खाली पाय वर. बाबांना विचारलं, अंधार कुठे? डावीकडेच, म्हणाले. म्हणजे चित्रात दोष नाही. दोष पॅनेलच्या, म्हणजे स्क्रीनच्या काचेच्या, डाव्या बाजूच्या उजेडात आहे. सिद्ध झालं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, चित्र कशाला, लॅपटॉपच उलटा धरून का नाही बघितला? बिघाड पॅनेलचा असेल तर अंधार उजवीकडे जाईल ना? मी तिला समजावलं की आमच्यात हार्डवेअर असं उलटंपालटं करत नाहीत. त्याला एक पद्धत असते. बाबा चमच्याने चहा ढवळत राहिले, साखर त्यात नव्हती तरी.

१९ मार्च

ऑफिसात साहेबांना सांगितलं की मी अशी सोय लिहितोय, जी स्क्रीनच्या एकाच बाजूचा उजेड वाढवेल. साहेब म्हणाले, त्या पॅनेलला दिव्यांची ओळ एकच, खालच्या कडेला, बाजू वेगळी कशी वाढवणार? मी म्हटलं, चित्रातली डावी बाजूच जास्त पांढरी करायची. साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, घरी सगळं ठीक ना? मोठ्या कल्पनेला सुरुवातीला असंच तोंड द्यावं लागतं.

घरूनच पुरं केलं आणि ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्या गृहस्थांकडे पाठवून दिलं. जगभरचे लोक या ड्रायव्हरसाठी जे लिहून पाठवतात ते तेच तपासतात. खाली लिहिलं: माझ्या वडिलांसाठी, आणि त्यांच्यासारख्या सर्वांसाठी.

२२ मार्च

देखभालवाल्यांचं उत्तर आलं. दोन ओळी. हा लॅपटॉप दुसऱ्या कुणाला दाखवलात का? त्यांनाही डावीकडे अंधार दिसतो का?

काय उद्धट माणूस आहे! उत्तर देणार नाही.

बाबांना मात्र वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, माणूस हुशार दिसतोय. बाबांना सगळेच हुशार वाटतात.

२५ मार्च, संध्याकाळ

छोटी चूक झाली. उजेडाच्या पायऱ्या नव्याने आखताना शून्य म्हणजे ‘सगळ्यात कमी’ असं लिहायचं राहिलं, शून्य म्हणजे ‘बंद’ झालं. बाबांचा हात चुकून बटणावर पडला आणि स्क्रीन ठार काळा. मी ऑफिसातून आलो तर ते काळ्या स्क्रीनसमोर बसलेले. खिडकीही लावलेली, खोलीत तसा अंधुकच उजेड. स्वतःचा पंजा डोळ्यांसमोर धरून बोटं एकेक हलवून बघत होते. म्हातारपणी माणूस कशातही रमतो.

मी म्हटलं, बाबा, हाक तरी मारायची. ते म्हणाले, म्हटलं, झालं. काय झालं ते सांगितलं नाही. मी शून्याची दुरुस्ती केली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्याशा दुरुस्तीचं एवढं कौतुक! पण कदर करावी ती बाबांनीच.

२७ मार्च

उद्याची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ बायकोने मला न विचारता घेतली होती. मी फोन करून रद्द केली. नवा ड्रायव्हर उद्याच चढवायचा आहे आणि चाचणीला बाबा पाहिजेत. अर्धवट दुरुस्त स्क्रीन बघून बघून डोळे थकलेले असताना तपासणी करून उपयोग काय? आधी स्क्रीन, मग डोळे. क्रम महत्त्वाचा.

ताईचा फोन आला. बायकोनेच कळवलेलं असणार. ताई म्हणाली, तू लहानपणापासून असाच, रेडिओ बंद पडला की रेडिओ उघडायचास, वीज गेलीय हे बघायचा नाहीस. मी फोन बाबांकडे दिला. बाबा तिला म्हणाले, अगं, तो करतोय ना, करू दे. ऐकून बरं वाटलं.

५ एप्रिल

शेवटचा उपाय केला. नवं पॅनेल मागवून बसवलं. स्क्रू बारीक असतात, सगळी सकाळ गेली. बाबा शेजारी बसून ‘हळू, हळू’ करत होते. थिएटरात नवा दिवा बसवताना श्वास रोखून धरायचा असतो म्हणे. त्यांनी त्या दिव्यांच्या खूप गोष्टी सांगितल्या. यातली एकही मला माहीत नव्हती.

नव्या पॅनेलमध्येही डावीकडे अंधार! एकाच जागी दोष असलेली दोन पॅनेल. कंपन्यांना काही लाज राहिलेली नाही.

१२ एप्रिल

यश! बाबा म्हणाले, आता छान दिसतंय, एकदम लख्ख. मी विचारलं, डावीकडे? डावीकडेही. उद्यापासून नाही बसलास तरी चालेल, म्हणाले, आणि मग लगेच म्हणाले, म्हणजे तुला काही काम असेल तर.

१५ एप्रिल

आज लवकर घरी आलो. बायको बाबांच्या शेजारी बसून बातम्या मोठ्याने वाचत होती. लॅपटॉप मिटलेला. मी विचारलं, स्क्रीन लख्ख झालाय ना? ती म्हणाली, त्यांना वाचायचा कंटाळा येतो. माझ्याकडे न बघता म्हणाली. दोघांनी मिळून काहीतरी ठरवलेलं दिसतंय. माझ्या वाढदिवसाचं असावं.

११ मे

वाढदिवस होऊन गेला. काही नव्हतं.

१६ मे, सकाळ

बाबा दाराच्या चौकटीला धडकले. डावा खांदा आणि भुवई. रक्त आलं. याच दारातून ते वीस वर्षं जात-येत आहेत. मी चौकट बघून घेतली, सरळ आहे.

बायकोने मला काही विचारलं नाही. शाळेत रजा टाकली, बाबांना चपला घालायला लावल्या आणि गाडी बोलावली. मी म्हटलं, मीही येतो. लॅपटॉप सोबत घेतला. डॉक्टरांना निदानाला उपयोगी पडला असता.

१६ मे, दुपार

दवाखाना. पट्टी केली, मग डोळे तपासले. बाबांना एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसवलं. आत बारीक ठिपके लुकलुकतात. ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभा होतो. मला ठिपके दिसत नव्हते, पण बटणाचा आवाज ऐकू येत होता. मधेच बराच वेळ आवाज यायचा नाही. मग एकदा टक. मग परत काही नाही. मी मनात म्हणत होतो, दाबा हो बाबा, दाबा.

मशीनमधून कागद आला. डावी बाजू काळी. मी डॉक्टरीणबाईंना म्हणणार होतो की तुमच्या मशीनचा बॅकलाइट एकदा तपासून घ्या. तोंडही उघडलं होतं. पण तो कागद होता. कागदाला बॅकलाइट नसतो.

काचबिंदू. डोळ्यांतला दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्यांना पहिल्यांदा कधी जाणवलं? बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तारीख मीच सांगितली. चार मार्च. चहाच्या वेळी. त्यांनी ती लिहून घेतली.

बरंचसं नुकसान जुनं आहे, म्हणाल्या. थोडं या अडीच महिन्यांतलं असेल, थेंबांनी ते थांबलं असतं. थोडं म्हणजे किती, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

लॅपटॉप पिशवीतच होता. परत येताना मांडीवर जड लागला.

१८ मे

काल बाबांकडे गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली.

आज बायकोने ढकललंच. बाबांना म्हटलं, चुकलो मी. ते म्हणाले, तू कसला चुकलास, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू लॅपटॉप तपासून गेलास आणि मी तो उचलून उलटा धरला. अंधार डावीकडेच होता. चाळीस वर्षं लेन्स फिरवल्यात रे, एवढं कळतं मला.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? जरा ओरडूनच विचारलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

बाबा म्हणाले, भीती वाटली. तू म्हणालास स्क्रीनचं आहे, तर म्हटलं, असू दे चार दिवस स्क्रीनचं. मग म्हणाले, आणि तू रोज येऊन बसत होतास.

मी प्लग नीट बसलाय का ते बघितलं.

२० मे

मी घातलेलं सगळं ड्रायव्हरमधून काढून टाकलं. मूळचं परत ठेवलं. चालतंय. पहिल्यापासून चालतच होतं.

स्क्रीन तेवढा मला दुरुस्त करता येतो, म्हणून मी तो बिघडलेला ठरवला. देखभालवाल्यांना दोन ओळी लिहिल्या: वडिलांचे डोळे दाखवले. दोष स्क्रीनचा नाही. तसदीबद्दल माफी.

२३ मे, संध्याकाळ

थेंबांचं वेळापत्रक मी लिहिलं आणि थिएटरच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलं. सकाळी सात, संध्याकाळी सात. घालतोही मीच, पहिला थेंब गालावर जातो. संकल्प कुठलाही नाही.

थेंब घालून झाल्यावर बाबांनी विचारलं, आता दुरुस्तीचं काही उरलं नसेल ना? मी म्हटलं, उरलंय थोडं, बसावं लागेल रोज. ते बरं म्हणाले. मी लॅपटॉप उघडून बातम्या वाचायला घेतल्या. वाचता वाचता लक्षात आलं की इतके दिवस मी त्यांच्या डावीकडेच बसत आलोय. प्लग तिकडे आहे म्हणून.

उठलो, वायर काढली, खुर्ची उचलून उजवीकडे ठेवली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, अरे, तुझे केस बरेच पांढरे झालेत की.