डोळे मिटून मांडे

६ मार्च
ऑपरेशनला दहा दिवस झाले. उजवा हात स्प्लिंटमध्ये. विळीवर हात पडला आणि दोन बोटांच्या शिरा... जाऊ दे. फिजिओ मॅडम म्हणाल्या, हात हलवायचा नाही, मनात हलवायचा. रोज दोनदा डोळे मिटून सवयीचं काम करताना बघा, मेंदू विसरत नाही. मांडे चालतील का विचारलं. चालतील म्हणे. हे म्हणाले, "मग जेवूही मनातच." मेला विनोद.

९ मार्च
दहा मिनिटं बसले. पुरण भरलं, पोळी या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत रुंद, मग उलट्या खापरावर. एकही फाटली नाही.

१७ मार्च
केससुद्धा यांच्याकडून विंचरून घ्यायचे. वीट आला. मांडे मात्र झकास. लेकीचा, मनीषाचा फोन. "आखाजीला येतेय. मांडे तुझ्याच हातचे हं." अक्षय्य तृतीयेला दीड महिना आहे, हो म्हणून बसले.

७ एप्रिल
स्प्लिंट काढलं. बोटं लाकूड. मॅडमनी विचारलं, मनात नेमकं काय दिसतं? सांगितलं, समोर दोन हात, हिरव्या बांगड्या. त्या म्हणाल्या, "समोर? मग हे हात कोणाचे?"
माझ्या हातात हिरव्या बांगड्या नसतात. अक्कांच्या असतात, मोठ्या जाऊबाईंच्या. त्यांच्यासमोर बसून शिकले, खापराच्या पलीकडे त्या, अलीकडे मी. महिनाभर मनात त्यांचेच हात बघितले. घरी येऊन रडले. चिडलेही.

८ एप्रिल
अक्कांना धुळ्याला फोन केला. हसल्या. "मना हात ऱ्हाऊ दे, तू तुना देख. आखाजीनं बठ्ठं मी करसू." सगळं मी करेन, हे शेवटचं बोलल्या नसत्या तर बरं.

१६ एप्रिल
आता मनातही मान खाली. माझाच हात, टाक्यांचा वण, न वळणारी दोन बोटं. पोळी दर वेळी फाटते. मनातसुद्धा. मॅडम म्हणतात फाटू दे. त्यांना काय जातंय. थकले.

३० एप्रिल, आखाजी
मनीषा काल आली. अक्का पहाटेच. पहिले पाच मांडे अक्कांनी केले, मी नुसती बघत. मग म्हटलं, मी घेते. अक्का उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. समोर कोणीच नाही.
मांडा मनगटापर्यंत गेला, तिथेच फाटला. तसाच खापरावर टाकला. पुरण जळालं. मनीषा म्हणाली मला दे. दिला नाही, मीच खाल्ला.
अक्कांनी दुसरा उंडा पुढे धरला. घेतला.