तक्ता क्रमांक तीन

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (होडीत वाकून वाकून कंबर धरली आहे, तेव्हा नमस्कार कागदावरच गोड मानून घ्यावा.) आपला रक्तदाब आणि मामींचा राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आई बरी आहे.

पत्रास कारण, राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाचा ताजा अंक. आपण तिच्या प्रकाशन समितीवर आहात, म्हणून आपल्यालाच लिहितो. बारा वर्षं मी रोज सकाळी संस्थेच्या तळ्यात होडी घालून पाण्याचं तापमान मोजलं. स्वतःच्या लग्नादिवशीही आधी तळ्यावर जाऊन आलो. (सासरे अजून नीट बोलत नाहीत.) त्यावर गेल्या वर्षी शोधनिबंध छापून आला. लेखक आठ. संचालक पहिले, हे समजू शकतो. त्यांचे साडू सातवे, कारण होडी त्यांची. पाचवे आपण. (आपण ते तळं एकदाच पाहिलंत, संचालकांच्या खिडकीतून, चहा घेताना.) शेवटी बारीक टाइपात आभार होते, होडीला फळी बसवणाऱ्या सुताराचेसुद्धा. बदकांचाही उल्लेख होता. मी कुठेच नव्हतो. विज्ञान मोठं, आपण लहान, अशी मनाची समजूत घालून पाहिली. ती पटली नाही. आठवडाभर जेवण गेलं नाही.

मग निघाला तक्ता क्रमांक तीन. त्यात ऐन थंडीतल्या एका सकाळी पाणी एकेचाळीस अंश! मासे शिजून वर आले असते. आठ लेखकांनी वाचलं, दोन परीक्षकांनी तपासलं, आपल्या समितीने मंजूर केलं. चूक पकडली ती एका निवृत्त शिक्षिकेने. माझ्या वहीत स्वच्छ चौदा आहे. आकडे उतरवून घेतले साडूंनी. पण ताज्या अंकातली दुरुस्ती म्हणते की, ही चूक निरीक्षण-साहाय्यकाच्या हातून झाली. आणि पुढे माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. श्रेयाला आठ जण आणि चुकीला मी एकटा! संचालक म्हणाले, “अहो, एवढं काय मनाला लावून घेता? दुरुस्त्या कोण वाचतं?” मी वाचतो, मामा. वहीचं पान सोबत जोडलं आहे. पुढच्या अंकात खुलासा छापून माझं नाव त्या चुकीवरून काढावं, नाहीतर वही घेऊन अकादमीच्या पायरीवर येऊन बसेन.

आपला भाचा

ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी आईच्या खोलीत डोकावलो. वरचं काही खोडत नाही, ते खरंच आहे. पण अंक टपालाने घरी आला होता. तिला त्यातलं काही कळत नाही, नावं तेवढी वाचता येतात. ते पान कापून तिने कपाटाच्या आरशाला लावलंय. बारा वर्षं विचारत होती, “तुझं नाव कधी रे छापणार?” आज म्हणाली, “बघ, एकट्याचंच आहे. तुझ्या मामाचं तर गर्दीत होतं.”

आणखी एक – खुलासा छापू नका. त्या अंकाच्या आणखी तीन प्रती पाठवा, तिला मावश्यांना द्यायच्या आहेत. आणि इकडे आलात की तिच्यासमोर माझं अभिनंदन करा. कशाबद्दल, ते मात्र बोलू नका.