शुक्रवारची मांजर

१० नोव्हेंबर, सोमवार

पिल्लू! हर्षलाच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं कोण जाणे. तिच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली मांजर व्यालीय. "एक तुमच्यासाठी ठेवलंय बाबा. घरात कुणीतरी हवं ना." म्हटलं, टीव्ही आहे की! तर म्हणते, टीव्ही जवळ येऊन बसत नाही.

खरं आहे पोरीचं. माझी बायको, हिरू, गेल्यापासून माझ्याजवळ येऊन कुणी बसलेलं नाही. ती होती तेव्हा तिच्या बडबडीला कंटाळायचो. आता बातम्या लावून ठेवतो नि ऐकत नाही. नुसता माणसाचा आवाज हवा म्हणून.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दिवसभरात बोललो ते एवढंच — कशेळ्याच्या बाजारातल्या दुकानात "चहापूड दे", आणि जीपवाल्याला "थांब रं".

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या गौराबाईनं अंगणात भात वाळत घातलं होतं. सहज विषय काढला. झालं!

"पिलू नको भावजी. पिलू म्हंजे नातवंड सांभालायचं काम. गादीवर घान करील, रातभर रडंल. तुमचा जीव हाय का तेवढा? खालच्या बंगल्यावरची मोठी मांजर आना. मालक बंगला इकून गेलं, तिला हितंच टाकून गेलं."

मांजर जगतं किती, विचारलं. घरातलं खाऊनपिऊन असेल तर पंधरा वर्षं कुठं जात नाहीत, म्हणाली. मी बाहत्तरचा. पिल्लू म्हातारं होईल तेव्हा मी भिंतीवर, गळ्यात हार घालून! मग त्याला कोण? आज टाकलेली एक आहेच. त्यात मी आणखी एकाची भर घालायची?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. बंगल्यावर जाऊन आलो.

मांजर राखाडी, एक कान फाटलेला, गेटच्या खांबावर बसलेली. मी बोलावलं, चुचकारलं — ढिम्म. राखणीला शुक्रा असतो, वरच्या वाडीतला. तो म्हणाला, "आज नाय उतरायची ती. शुक्रवार हाय. शुक्रवारी मुंबयवरनं मालकाची गाडी यायची."

मांजरीला वार कसा कळतो? मग माझं मलाच कळलं. दिवस कलला की सगळ्या फार्महाउसांच्या गाड्या या रस्त्याला लागतात. प्रत्येक गाडीला ती मान वर करते. गाडी पुढं जाते. मान खाली.

मीही थांबलो तिथं बराच वेळ. नावं कशाला ठेवू? रविवारी हर्षलाचा फोन यायचा असतो तेव्हा मी मोबाइल खिशात घेऊनच संडासला जातो.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोनवर हर्षलाला माझ्या वयाचं सांगितलं. चिडली. "मरणाचं काय बोलता सारखं? मागं मी आहे ना पिल्लाला!" मग म्हणाली, "मीच घेऊन येते. राहीन थोडे दिवस."

म्हटलं, अगं, रूपेशच्या डब्याचं काय? कशाला तसदी!

"आई असती तर —" एवढं बोलली, आणि रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. बदलापुरात रेंज जाते! जावईबापू रूपेश तिथं बसून कॉल सेंटर चालवतात आणि हिची रेंज जाते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. मोठीच आणायची. माझी आणि तिची वर्षं साधारण सारखीच उरलीत. कुणी कुणाच्या मागं फार दिवस राहायला नको.

गौराबाईचं फर्मान निघालं — मांजर न्यायची तर पोत्यात, पोत्याचं तोंड बांधून, आणि वळशाच्या रस्त्यानं. म्हणजे तिला माघारी वाट सापडत नाही. बंगला माझ्या घरापासून बांधाबांधानं हाकेच्या अंतरावर! तरी मी, सगळी हयात एसटी चालवलेला माणूस, पोतं मांडीवर घेऊन जीपनं कशेळ्याला गेलो आणि दुसऱ्या जीपनं परत आलो. पोतं ओरडतंय. एक बाई विचारते, "कोंबडा का वो?" म्हटलं, "पाहुणी आहे. पहिल्यांदाच येतेय." अख्खी जीप हसली. मीही हसलो. किती दिवसांनी!

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दार उघडलं. बाईसाहेब बांधावरून सरळ बंगल्यावर! मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. गौराबाई हसून बेजार. "तुमी पोतं बांधलंच नसंल नीट," म्हणे.

दुपारी सुकट भाजली तशी आपण होऊन आली. खाऊन माझ्या धोतरावर झोपली. मी तासभर पाय हलवला नाही. मुंग्या आल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी गेली. खांबावर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आली! आल्या आल्या माझ्या पायाला अंग घासलं. मी तिला दोन शिव्या घातल्या आणि दूध दिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हर्षलाचा फोन, भर दुपारी. ऑफिस नाही का? तर सुट्टी घेतलीय. मी आपलं उत्साहानं सगळं सांगितलं — पोतं, जीप, सुकट. आता पिल्लू नको, दे कुणाला तरी, म्हटलं.

मग म्हणाली, "म्हणजे आता जागा नाही तुमच्याकडं."

"जागा ढीग आहे गं! पण दोघांचं कोण निस्तरणार?"

"बरं," म्हणाली.

एका पिल्लासाठी एवढं मनाला लावून घ्यायचं! चाळिशीला आली पोरगी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही गेली. मी मागोमाग गेलो. खांबापाशी उभं राहून तिला म्हटलं, "अगं बये, ते यायचे नाहीत आता." शुक्रानं ऐकलं. हसला नाही. म्हणाला, "तिला म्हाईत हाय. तरी बसती."

एकटाच घरी आलो. घर कधी नव्हे इतकं रिकामं वाटलं. आधी कुणी येत नव्हतं, तेव्हा कुणी जातही नव्हतं. रडलो. लिहून टाकतो इथं, दुसऱ्या कुणाला सांगणार?

३० नोव्हेंबर, रविवार

हर्षलाचा फोन नाही. मी केला. उचलला नाही. पुन्हा केला. रूपेशला केला, तर म्हणाला, "तिलाच विचारा." आणि कट केला.

जेवण गेलं नाही. मांजर ताटाशी बसून होती.

१ डिसेंबर, सोमवार

दारात रिक्षा थांबली. हर्षला. कडेवर टोपली, टोपलीत पिल्लू. रिक्षात मागं दोन मोठ्या बॅगा आणि तिचं शिवणयंत्र.

"हे तुमच्यासाठी नाही आणलं बाबा. माझं आहे. मी परत नाही जाणार तिकडं." डोळे सुजलेले. मग उंबऱ्याच्या बाहेर उभी राहूनच म्हणाली, "आम्हाला दोघांना ठेवाल का?"

ठेवाल का! बापाला विचारते!