खंडेनवमीला बंद केलेला फ्रीजर

प्रिय अलका मॅडम,

काल मीटिंगमध्ये आपले प्लँटहेड साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "मॅडमचं काम मॅडमबरोबरच गेलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली! तुमच्याबरोबर कुठे गेलं? तुम्ही गेलात श्रावणात. काम बंद पाडलं ते खंडेनवमीला! तिथं मी तोंडाला कुलूप लावून बसले, म्हणून आज तुम्हालाच लिहितेय.

खंडेनवमीला आपल्या चाकणच्या कंपनीत सगळ्या मशिनी बंद करून धुतात, झेंडूचे हार घालतात. दरवर्षी त्या दिवशी तुम्ही लॅबमधल्या डीप फ्रीजरसमोर स्टूल टाकून बसायचात. एरवी कसं चोख इंग्रजी! पण त्या दिवशी थेट तुमची राजगुरुनगरची बोली: "हार घाला, कुंकू लावा, पर बटनाला हात लावायचा न्हाई!" आम्ही तोंड फिरवून हसायचो.

यंदा स्टूल रिकामं होतं. मला साहेबांनी ऑडिटसाठी दुसऱ्या प्लँटला धाडलं होतं. मेंटेनन्सच्या दत्ताभाऊंनी फ्रीजर बंद केला, दार उघडं टाकून बर्फ वितळवला, आतून-बाहेरून घासला, वर तुमचा फोटो ठेवून हार घातला. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर बटन चालू केलं. "मॅडमची मशीन हाय, म्हणलं तिला तरी लख्ख करावं," एवढंच बोलले आणि पोरासारखे रडले. त्यांच्यावर कुठल्या तोंडानं रागावू?

माझा राग साहेबांवर आहे. दुसरा फ्रीजर द्या, जिवाणूंच्या निम्म्या कुप्या दुसरीकडे ठेवू, असं तुम्ही किती वेळा सांगितलंत! दरवेळी एकच उत्तर, "पुढच्या बजेटला बघू." आणि आता काय म्हणतात, इन्शुरन्समधून नवा फ्रीजर घेऊ. अहो, फ्रीजर ठणठणीत आहे! मेलं ते आतलं!

आत काय होतं, हे त्यांना कधी कळलंच नाही. तरुणपणी तुम्ही रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांची जनुकं तपासायचात. बिघाड कुठे आहे ते अचूक सांगायचात. मग वॉर्डात एका आईनं विचारलं, "बाई, बिघाड सापडला. आता औषध कुठंय?" त्या प्रश्नानं तुम्हाला झोप लागेना. संस्थेतली नोकरी सोडून तुम्ही एन्झाइमच्या कंपनीत आलात. लोक कुजबुजले, एवढी शिकलेली बाई साबणात घालायची एन्झाइम बनवायला निघाली!

साबणाचीही बनवलीतच की. पण त्याबरोबर भीमेकाठच्या तुमच्या शेतातल्या मातीतून एक जिवाणू आणलात. त्याची जनुकं बदलत बदलत कॅन्सरच्या पेशींची उपासमार करणारं एन्झाइम मिळवलंत, मुलांना कमी सोसावं लागेल असं. अर्धं आयुष्य घातलंत. ते सगळं त्या कुप्यांत होतं.

आणि मॅडम, थोडं तुम्हालाही बोलणार आहे. दरवर्षी स्वतःच काय राखण करत बसायचात? तुम्ही काय यूपीएस होतात का? साहेबांशी एकदा कडाकडा भांडायचं होतंत! माझ्या बारीकसारीक चुकांवर ओरडायचात, मग त्यांच्यापुढेच का गप्प? आठवलं की चीड येते, आणि मग तुमची इतकी आठवण येते की डबा खाववत नाही.

ऑडिटहून परतल्यापासून मी एकेक कुपी काढून काचेच्या बशांत पेरतेय; तुमचं एन्झाइम असलं तर गुलाबी होणारा रंग बशांत घातलाय. बहुतेक बशा कोऱ्या राहिल्या, काहींवर नुसती बुरशी. आज सकाळी दत्ताभाऊच ओरडले, "ताई, हे गुलाबी काय झालंय?" धावत गेले. एका बशीत एकुलता एक ठिपका, आणि भोवती गुलाबी कडं! तुमचं एन्झाइम, मॅडम! जिवंत आहे! दत्ताभाऊ आणि मी वेड्यासारखे हसत होतो आणि रडतही होतो.

उद्या ही बशी साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे, त्यांच्या बिस्किटांशेजारी. विचारणार, "काम गेलं म्हणालात ना? मग हे काय आहे?" दुसऱ्या फ्रीजरचा हुकूम निघेपर्यंत मी तिथून हलणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

आणि हा माझा शब्द. पुढच्या खंडेनवमीला त्या स्टुलावर मी बसणार. माझी बोली लातूरची, तुमच्यासारखं ठसक्यात जमेल का कोण जाणे. पण दत्ताभाऊ म्हणालेत, "ताई, तुमी बसा. दारात मी हुभा हाय. बटनाला कोण हात लावतंय तेच बघतो!"

तुमच्या स्टुलावर बसणारी,
वैशाली