पागलखाना, एक तिकीट

४ मार्च १९७४. लायब्ररीतून नवी कादंबरी आणली. वेड्यांच्या इस्पितळातले जीवन म्हणे. लेखक पुण्याचे, एम.ए. पान बारावर खिडकीचे गज उभे, पान नव्वदवर आडवे. मी मॅट्रिकही नाही, पण असला गचाळपणा करणार नाही. १७ तारखेच्या लायब्ररीतल्या चर्चेत सालटी काढणार.

५ मार्च. पेशंटांना रोज नाश्त्याला शिरा! इस्पितळ की लग्नघर? बायको म्हणते, पुस्तकातल्या पागलांचं काय घेऊन बसले जी, आपल्या पुष्पलताच्या लग्नाचं पाहा. मौद्याचे वामनराव निरोपाची वाट पाहून राहिले. त्यांचा मुलगा खापरखेड्याला, पॉवर हाउसमध्ये. सांगितले, आधी गज.

७ मार्च. प्रत्यक्ष पाहणी. बसमध्ये खणखणीत म्हटले, पागलखाना, एक. कंडक्टर ओमप्रकाश म्हणाला, काकाजी, वापसीचं नाही का? सगळी बस हसली. अडाणी. तिथे चौकीदार आत सोडेना. भिंत उंच. उद्या स्टूल नेणार.

८ मार्च. ओमप्रकाशने विचारले, स्टुलाचं हाफ तिकीट काढू? दुर्लक्ष केले. भिंतीशी स्टुलावर चढलो. गज उभे!! आनंदाने पुस्तक हलवले तोच मागून बस गेली. खिडकीत वामनराव. मी वरूनच नमस्कार केला. त्यांनी मान फिरवली. मौद्याला मॅनर्स नाहीत.

११ मार्च. वामनरावांचा निरोप: मुलीचे बाबा तिथं काहून जातात? पुष्पलता रडते आहे. उगाच. मुलगा तिला पसंत आहे, एवढेच ना? शनिवारी वामनराव येतील तेव्हा पुराव्यानिशी समजावतो. पाच मिनिटांचे काम.

१६ मार्च. समजावले. एकेक चूक, पान नंबरासकट. उभे गज, आडवे गज पाटीवर काढून दाखवले. तरी चेहऱ्यावर प्रकाश पडेना, म्हणून स्टुलावर चढून प्रात्यक्षिक. वामनराव खुर्ची मागे सरकवत दारापर्यंत पोचले. मग बायकोने त्यांना चहाच्या निमित्ताने आत नेले. बाहेर आले ते हसत. लग्न पक्के! शुद्ध तर्काचा विजय.

१७ मार्च, संध्याकाळ. आत काय झाले ते पुष्पलताने सांगितले. बायको वामनरावांना म्हणाली, होते जी तिथं भरती, आता सुटले; पुस्तक दिसलं की वेड थोडी उचल खाते, बाकी गरीब माणूस. वामनरावांनी एकच विचारले, खानदानात आणखी कोणी? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग चालते.

मी ताबडतोब मौद्याला जाऊन खुलासा करणार होतो. चप्पल घातली. पुष्पलता दारात आडवी उभी. बाबा, तुमच्या पाया पडते, लग्नापर्यंत सुधारलेलेच राहा.

चर्चेला गेलो नाही. बायकोने पुस्तक धान्याच्या कोठीत टाकले. आत्ताच वामनराव तब्येत पाहायला येऊन गेले, मोसंबी घेऊन. हळू आवाजात विचारले, आता कसं वाटून राहिलं?

म्हटले, खूप फरक आहे.