फणसावरचा स्वर्गीय नर्तक

२३ सप्टेंबर १९८५, सोमवार
चतुर्थीला आलेला मेहुणा गुरुदास आज मुंबईला परत गेला. दुबईचा कॅमेरा दिवाळीपर्यंत माझ्याकडे ठेवून गेला. म्हणजे मीच ठेवून घेतला. लांब नळीची लेन्स आहे. एसटीत चढताना म्हणाला, "भावोजी, नुसतो पुसून ठेवलात तरी चलात." अपमान गिळला.
संकल्प : आवारातल्या पक्ष्यांचे फोटो. दिवाळीत वाचनालयात प्रदर्शन. अध्यक्षांना सांगून टाकलं. ते "बघूया" म्हणाले. होकारच समजायचा.

२४ सप्टेंबर, सकाळी ६
उठलो. पक्षी उठलेले नव्हते. परत झोपलो.

सकाळी ९
पक्षी उठून गेलेले.

२५ सप्टेंबर
कचेरीत पाठदुखीचा अर्ज टाकला. दिवसभर उपड्या बादलीवर बसलो, संध्याकाळपर्यंत अर्ज खरा झाला. पक्ष्यांना मी दिसू नये म्हणून पेरूखाली बायकोची फुलाफुलांची चादर बांधली. लेन्ससाठी तिला भोक पाडावं लागलं. नीरजाला योग्य वेळी सांगेन.

२६ सप्टेंबर
शोध लागला. फणसाच्या शेंड्यावर स्वर्गीय नर्तक! पांढरी, रिबिनीसारखी लांब शेपटी वाऱ्यावर डोलते आहे. डोकं पानांत. वाचनालयाच्या इंग्रजी पुस्तकातल्या चित्राशी शेपटी तंतोतंत जुळते. पुस्तक म्हणतं, हा पक्षी फार चंचल. आमचा सकाळपासून जागचा हललेला नाही. माझ्यावर त्याचा विश्वास बसलेला दिसतो. अर्धा रोल त्याच्यावर खर्च केला.
नीरजा म्हणाली, "अहो, तां पाखरू न्हय. चतुर्थीच्या आराशीतली कागदाची पट्टी वाऱ्यान उडान थंय अडाकली आसा."
बाईला चष्म्याची गरज आहे.

२८ सप्टेंबर
नर्तक डोकं का दाखवत नाही, याचं कारण सापडलं. कावळे. बाबा जेवायला बसण्याआधी पहिला घास गडग्यावर, आवाराच्या दगडी कुंपणावर, ठेवायचे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, नीरजाने घास चालू ठेवला आहे. त्यामुळे गावभरचे कावळे आमचं आवार वडिलोपार्जित समजतात. आज एकाने लेन्सचं झाकण पळवलं.
बाबा ओटीवर जेवायचे, कावळे समोर गडग्यावर. त्यांचा कधी त्रास झाला नाही. मी शेजारी बसून चार उपयुक्त गोष्टी समजावू लागलो की मात्र म्हणायचे, "सत्या, तू जरा घरात जा रे. माका सुखान जेवूक दी." म्हातारपणी माणूस चिडचिडा होतो.

३० सप्टेंबर
गलोल केली. नेम चांगला आहे, पण कावळा ऐनवेळी हलतो. शेजारच्या भाईचं कौल हललं नाही. ते फुटलं. भाईला वाटतं, माकडांचं काम. मी दुजोरा दिला.
बाजारात जाताना कावळ्यांनी डोक्यावर चोची मारल्या. रस्त्यावर एवढी माणसं असून फक्त मला. छत्री उघडली तरी ओळखतात.
नीरजा म्हणाली, "कावळ्यांका हुसकावू नकात. म्हाळ जवळ इलो. बाबांची वाडी कोण शिवतलो?" बाबांच्या श्राद्धाला आणि कावळ्याच्या पानाला अजून पुष्कळ दिवस आहेत. कला थांबत नाही.

२ ऑक्टोबर
गांधी जयंती. आजपासून अहिंसक उपाय. जुन्या छत्रीचं कापड गुंडाळून मेलेला कावळा केला आणि पेरूला उलटा टांगला. कावळ्यांनी जमून तासभर शोकसभा घेतली आणि उडून गेले. अख्ख्या आवारात एकही नाही. डोक्याचं काम गलोलीला जमत नाही.

५ ऑक्टोबर
शांतता. नर्तक तिथेच. रात्री पाऊस पडला, शेपटी थोडी आखूड वाटते. पिसं गाळत असेल. उरलेला रोल संपवला. नीरजाचा गडग्यावरचा भात संध्याकाळपर्यंत तसाच होता. मुंग्या लागल्या.

८ ऑक्टोबर
उद्या बाबांचा म्हाळ. मसुऱ्याहून राधाबाई आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. अंगणात उभी राहून वर बघत म्हणाली, "कावळे खंय गेले रे?" मी म्हटलं, स्थलांतर. नीरजाने माझ्याकडे पाहिलं. रात्री गुपचूप छत्रीचा कावळा काढला.

९ ऑक्टोबर, दुपारी २
गडग्यावर वाडी ठेवून कधीचे उभे आहोत. केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळं बाबांच्या आवडीचं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. कावळे आले आहेत, पण लांब माडावर रांगेने बसलेत आणि माझ्याकडे बघताहेत.
आत्या रडायला लागली. "माझ्या भावाचा मन खंयतरी अडाकला हा." बाबा उपाशी राहिले तर ते माझ्यामुळे, हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे. हात जोडून मोठ्याने म्हटलं, बाबा, भाईचं कौल बदलून देतो. (इथे नीरजाने पाहिलं.) चादर नवी आणतो. (परत पाहिलं.) कावळ्यांच्या वाटेला जात नाही. शेवटी म्हणालो, कॅमेरा उद्याच परत पाठवतो.
कावळे ढिम्म. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी करू लागले.
मग आत्या डोळे पुसून म्हणाली, "सत्या, तू जरा घरात जा रे."
गेलो. उंबरा ओलांडला आणि मागे पंखांचा आवाज झाला.

संध्याकाळी
स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसलं. एक जाडा, म्हातारा कावळा अगदी निवांत वडा खात होता. ऊन सुरेख. मान तिरकी. असा फोटो जन्मात मिळायचा नाही. रोल नर्तकावर संपलेला.
खाऊन झाल्यावर कावळा फणसाच्या शेंड्यावर बसला. नर्तक उडाला नाही. कावळ्याने त्याची शेपटी ओढली, चोचीत धरून पाहिली आणि अंगणात टाकली. आत्या म्हणाली, "नीरजा, ही तुमच्या आराशीतली पट्टी गो." नीरजाने ती झटकली, घडी केली आणि आराशीच्या पेटीत ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.
बाबा आज सुखाने जेवले. मी घरातच बसून होतो.