पाचवा भाग

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
११ जुलै २०२४

ती. सत्यवती आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हरेशदादाच्या रिक्षातून आज नव्या कादंबरीचे पहिले दोन भाग पाठवते आहे. सव्वासहाशे पानांचा ठोकळा आहे, म्हणून पाच भाग करावे लागले. डायलिसिसला बसल्यावर तुझा डावा हात सुयांसकट चार तास हलवायचा नाही आणि उजव्या हाताला एवढं वजन पेलत नाही, हे कळल्यापासून मी ब्लेड आणि गोधडीचा दोरा घेऊन बसते. पहिलं पुस्तक कापलं तेव्हा मला रडू आलं होतं. आता हात सरावला आहे. आईचं म्हणणं, बीए होऊन शिकली काय तर पुस्तकं फाडायला.

ही कादंबरी ड्रॅगनची आहे. मी काम करते त्या वाचनालयात तिच्यासाठी कॉलेजच्या मुली नंबर लावतात. मला ती अर्धीच आवडली. नायिका गरीब, पण तिच्या तळहातावर जन्मखूण असते, म्हणून राज्य तिचंच. खूण नसलेल्या मुलींनी काय करायचं, ते लेखिका सांगत नाही. आमचे मालक मला म्हणतात की वाचकांना पुस्तक द्यायचं, मत द्यायचं नाही. ते मत मग तुझ्या वाट्याला येतं. माझं मत असं की गोष्ट कितीही अद्भुत असो, तिने खरं लपवू नये. खरं लपवणारं पुस्तक मला नको.

आता मुद्द्याचं. माझा रक्तगट तुझाच आहे. बाबांची किडनी जुळली नाही म्हणून सगळे हातावर हात ठेवून बसले, पण मी बसणार नाही. भाचीला कायद्याने जवळची नातलग धरत नाहीत, समितीची वेगळी परवानगी लागते. मी अर्ज आणला आहे. मी बावीस वर्षांची आहे, धडधाकट आहे आणि मला अक्षरओळख तू करून दिलीस. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच. तो आणखी वीस वर्षं हवा आहे, म्हणून हा अर्ज.

तुझी
ज्ञानदा


गास
२४ जुलै २०२४

चि. ज्ञानदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही भाग वाचले. तुझी शिवण अजून कच्ची आहे, पान एकशे बारा माझ्या मांडीवर पडलं. डायलिसिसच्या सिस्टर प्रिस्काने उचलून दिलं आणि देता देता वाचलं. त्यात नेमकं चुंबन होतं. ती आता रोज विचारते, पुढे काय झालं.

त्या राज्यात पानापानाला नदी आहे. नायिका दर प्रकरणात ओंजळीने पाणी पिते. मला दिवसाला दोन पेले, त्यातलाच चहा, त्यातलंच गोळ्यांसाठी. काल दुपारी एवढी तहान लागली की ते पान उलटून ठेवलं. लेखिकेला कळव की दोन नद्या कमी केल्या तरी गोष्ट अडणार नाही. आणि एवढ्या मोठ्या राजवाड्यात भांडी कोण घासतं?

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बॅप्टिस्ट मास्तर बसायचे. मागच्या खेपेला तू दिलेली ती रक्त पिणाऱ्या राजपुत्राची गोष्ट मी त्यांना सांगत होते. ते म्हणाले, आपलं मशीन त्या राजपुत्रापेक्षा सज्जन, सगळं रक्त घेतं पण धुऊन परत देतं. पूर्ण खोली हसली. मागच्या आठवड्यात मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. गुरुवारी तिथे दुसरा माणूस बसला होता. चादर मात्र तीच होती.

अर्ज फाडून टाक. पुस्तकं फाडायची सवय झालीच आहे. तुझं लग्न व्हायचं आहे, पोरंबाळं व्हायची आहेत. तुझ्या अंगातलं काही घेऊन मी कुठली कादंबरी वाचणार? पुन्हा हा विषय लिहिलास तर भाग न वाचता परत पाठवीन.

वांगी धाडली आहेत. माया तेवढीच ठेव, वेडेपणा कमी कर.

तुझी आत्या


मनवेलपाडा
२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत नवीन पुस्तक, तीन भागांत. भयकथा आहे, पण भूत नाही. चहाच्या मळ्यातला बंगला, नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी, आणि जिन्याखालचं एक कुलूपबंद कपाट. घरातल्या सगळ्यांना त्यात काय आहे ते ठाऊक असतं, फक्त तिला नसतं. मी दोन रात्रींत संपवलं. माझ्या मते ही या वर्षातली सगळ्यात प्रामाणिक कादंबरी आहे, कारण ती मुलगी घाबरत असूनही कपाट उघडते.

आत्या, मीही उघडलं. अर्ज मी फाडला नव्हता. समितीच्या कागदांसाठी बाबांचं आधार कार्ड हवं होतं, म्हणून त्यांची पेटी काढली. तळाशी हॉस्पिटलची फाईल होती, मागच्या नोव्हेंबरची. मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. बाबांची किडनी तुला जुळते आहे. सगळ्या तपासण्या ठीक आहेत. ते सख्खे भाऊ, त्यांना कुठल्या समितीची परवानगीही लागत नाही. आणि त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं की जुळलं नाही.

मी थांबले नाही. ते पाचूबंदरहून बर्फाच्या लाद्या उतरवून आले होते, जेवायला बसले होते. आई होती, धाकटा सुरज होता, शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या होत्या. सगळ्यांसमोर मी फाईल त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं की बहिणीपेक्षा जीव प्यारा झाला का. ते उठले. हात धुतले आणि बाहेर गेले. ताटात भात तसाच होता. त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही.

तुला हे कळवू नये असंही वाटलं. पण तुझ्यापासून लपवणं म्हणजे त्यांच्याच रांगेत बसणं. आता त्यांना नाही म्हणता येणार नाही. तू फक्त हो म्हण.

तुझा माझ्यावरचा विश्वास ढळू देऊ नकोस.

ज्ञानदा


गास
९ सप्टेंबर २०२४

चि. ज्ञानदा हिस,
आशीर्वाद.

चहाच्या मळ्याची गोष्ट पहिल्या भागातच ठेवून दिली. आधी तुझ्या पत्राचं उत्तर.

ती फाईल मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी शतूच्या शेजारीच बाकावर होते. डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावून सांगितलं, जुळतं आहे, दोन महिन्यांत करू. तुझा बाप तिथल्या तिथे हो म्हणाला. हे नीट वाच. तो हो म्हणाला.

मी विचारलं की नंतर किती दिवस ओझं उचलायचं नाही. त्या म्हणाल्या, काही महिने तरी नाहीच, आणि पुढेही जपून. बर्फाची लादी जपून कशी उचलतात, ते मला माहीत नाही. तुझं शेवटचं वर्ष होतं. सुरज दहावीला. शतू घरी बसला असता तर तू कॉलेज सोडून कुठल्यातरी दुकानात उभी राहिली असतीस. कोणी न सांगता राहिली असतीस. जुलैच्या पत्रात तू मला ते दाखवूनच दिलंस.

मीच त्याला म्हटलं, घरी सांग जुळलं नाही. तो नाही म्हणाला. तीनदा म्हणाला. चौथ्यांदा मी त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली. हॉस्पिटलच्या नळाखाली तोंड धुऊन तो घरी आला, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत.

माझा विचार साधा होता. सात-आठ महिने मशीनवर काढीन, पोरगी पदवीधर होईल, मग शतूला बोलावीन. आपल्या घरात पहिल्यांदा कोणी त्या काळ्या झग्यात फोटो काढणार होतं. तो फोटो झाला. पुढच्या आठवड्यात मी स्वतः डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हृदयाची तपासणी करायला लावली. तेवढ्या महिन्यांत ते थकलं आहे. आता ऑपरेशनच्या टेबलावरून मी उठणार नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणून आता कोणाचीच नको, तुझीही नको आणि त्याचीही नको. हे जूनमध्येच ठरलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू अर्ज घेऊन नाचत होतीस.

चुकले मी. पण ती चूक माझी आहे, शतूच्या ताटाशेजारी ठेवायची नव्हती. तो शेजारणीसमोर गप्प बसला, कारण बोलला असता तर तुला कळलं असतं की तुझी पदवी कशावर उभी आहे. त्याने तोही घास तुझ्यासाठी गिळला.

त्याची माफी माग.

आणि आता मला प्रेमाची गोष्ट पाठव. शेवट गोड असला तरी चालेल. तुझ्यासारखी नाक मुरडणार नाही.

आहे तोवर माया कर.

आत्या


मनवेलपाडा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोन महिने तुला पुस्तकं पाठवली, पत्र नाही. चार वेळा लिहून फाडलं.

माफी मागायला मी रोज उठायचे. बाबा चहा पीत असायचे, मी रिकामा कप उचलायचे आणि घासायला न्यायचे. बोललेलं वाक्य परत कसं घ्यायचं, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. दिवाळीनंतर त्यांनी पिशवी भरली आणि आईला सांगितलं की गासहूनच कामावर जाईन, ताईला डायलिसिसला नेणं-आणणं मी करीन. जाताना माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी होते. तेव्हाही नाही जमलं.

आई म्हणाली की तुझा उजवा हातही आता कापतो, आणि बाबा तुला वाचून दाखवतात. चौथी शिकलेले बाबा. मला ते डोळ्यांसमोर आणता येत नाही.

प्रेमाच्या गोष्टीचा हा चौथा भाग. खरं मत सांगते, मला ती आवडली. बेकरी चालवणारी ती मुलगी आणि जहाजावर गेलेला तो. दोघं एकमेकांशी फार थोडं बोलतात. मागच्या वर्षी मी अशा पुस्तकाला भाबडं म्हटलं असतं. आता वाटतं, माणसं वाट बघतात हेच मुळात किती कठीण आहे.

पाचवा भाग माझ्याकडे ठेवला आहे. शिवून तयार आहे. तो न्यायला तू स्वतः संक्रांतीला मनवेलपाड्याला यायचं. शेवट कळल्याशिवाय तू कधी कुठे जात नाहीस, हे मला माहीत आहे.

राग मोठा आहे तुझा, त्याहून लोभ मोठा ठेव.

ज्ञानदा


गास
२७ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानदा हिस,
आशीर्वाद. हे सिस्टर प्रिस्का लिहून घेत आहे.

चौथा भाग झाला. हट्ट करू नकोस. पाचवा पाठव.

आत्या


गास
१९ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदा हिस,
तुझ्या बाबाचा आशीर्वाद.

बाराव्याला तू आलीस, पन आपन बोललो नाही. मानसं होती. आनि मला तोंडाने नीट सांगता येत नाही, म्हनून कागद घेतला. हरेश पोचवील.

ताईला मी चारही भाग वाचून दाखवले. रोज कामावरून आल्यावर. जोडाक्षर आलं की मी अडायचो, ती डोळे मिटून सांगायची काय असेल ते. बहुतेक बरोबर असायचं. मला आधी वाटलं होतं ही कसली पुस्तकं. मग मीच लाद्या उतरवताना विचार करायचो, तो जहाजावरचा परत येतो की नाही.

चौथा भाग संपला तेव्हा ती बोलली, पाचवा येईल. तिने सिस्टरकडून चिठ्ठी लिहवली. चार दिवस ती रिक्षाचा आवाज ऐकून मान वळवायची. तू का पाठवत नव्हतीस, ते मला ठाऊक आहे. मी तुला दोष देत नाही. तिनेही दिला नाही.

शेवटच्या संध्याकाळी तिचा श्वास पुरत नव्हता. ओठाला बर्फाचा तुकडा लावत होतो, तेवढंच पानी. तिने विचारलं, पुढे काय होतं रे. माझ्याकडे भाग नव्हता. मी चौथा भागच उघडून धरला आनि वाचतोय असं दाखवून सांगायला लागलो. म्हनालो, तो परत येतो. बेकरीच्या दारात उभा राहतो. ती त्याला काही बोलत नाही, पाव देते. मग दोघं गासला येतात, जागा घेतात, वांगी लावतात. मला दुसरं काय सुचनार.

ती हसली. म्हनाली, "शतू, तुला खोटं बोलता येत नाही. पन सांग पुढं."

मी सांगत राहिलो. वांग्याला फुलं आली इथवर सांगितलं. तोवर ती गेली होती. मला थोडा वेळ कळलं नाही, मी सांगतच होतो.

त्या दिवशी जेवताना तू विचारलंस, त्याचं उत्तर आता ताईने तुला लिहिलंच आहे. माझ्या मनात काही नाही. तू खरं समजून बोललीस. तुला तेवढ्यासाठीच शिकवलं.

वाडीत वांगी तोडायला आली आहेत, म्हनून मी अजून थोडे दिवस इथेच राहनार. रविवारी ये. येताना पाचवा भाग घेऊन ये आनि तू वाच, मी ऐकीन. मी ताईला सांगितलं त्यातलं किती खोटं होतं, ते मला बघायचं आहे.

माया आहेच, ती लिहून दाखवायची सवय नाही.

तुझा बाबा
शत्रुघ्न